दया, दीन आणि देणे : मराठी बायबल वाचताना

आपल्या चळवळीत बायबलचा विषय निघाला की दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. एक प्रतिक्रिया अशी की, हा मिशनऱ्यांचा ग्रंथ. दुष्काळात भाकरी दाखवून माणसे जमवण्यासाठी तो वापरला गेला. आपला त्याच्याशी संबंध काय? दुसरी अशी की, हा गरिबांचा ग्रंथ. त्यातला देव दीनांचा कैवारी आहे, म्हणून तो आपलाच. या दोन्ही प्रतिक्रिया ग्रंथ न उघडता देता येतात, ही त्यांची मोठी सोय आहे. प्रस्तुत लेखात मला ही सोय नाकारायची आहे. मी श्रद्धावंत ख्रिस्ती नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या धम्माच्या वाटेवरचा एक शिक्षक आहे. पण ज्या ग्रंथाने या पुणे शहरात आणि अहमदनगरच्या महारवाड्या-मांगवाड्यांत दीडशेहून अधिक वर्षे 'देव गरिबांवर दया करतो' असे सांगितले, त्या ग्रंथातली ही दया नेमकी काय वस्तू आहे, हे तपासणे समीक्षेचे काम आहे असे मी मानतो.

मला एकच प्रश्न विचारायचा आहे. या दयेच्या कथेत गरीब माणूस बोलतो का? आणि बोलत असेल तर त्याला वाक्य पुरे करू दिले जाते का? कारण दया कुणाची आणि कशासाठी, हे देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. घेणाऱ्याला किती बोलता येते त्यावरून ते कळते.

१

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठी बायबलचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधल्या श्रीरामपूरला, विल्यम केरीच्या छापखान्यात सुरू होतो. पुढे मुंबई, अहमदनगर, पुणे अशा ठिकाणी मिशनरी आणि त्यांचे पंडित यांनी भाषांतराचे काम चालवले. पंडित नेमायचे म्हणजे ते ब्राह्मणच असायचे, त्यामुळे संस्कृतात रुळलेली मराठी या ग्रंथात आली. पंडिता रमाबाईंना हे खटकले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलचे नवे मराठी भाषांतर केले. सामान्य बायकांना कळेल अशी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह होता. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या बायकांनीच केले. त्यांत १८९६-९७ च्या दुष्काळातून आलेल्या मुली होत्या. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. धर्मग्रंथाची भाषा कोणाची असावी, हा प्रश्न दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या हातून छापून निघाला, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात दोन ओळींचीही जागा मिळवू शकलेली नाही.

पण शब्द बदलणे सोपे नसते. बायबलच्या मूळ हिब्रूत, आपण ज्याला सरसकट दया म्हणतो त्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. 'हेसेद' म्हणजे करार केलेल्या दोघांमधली न सुटणारी निष्ठा. 'रहमीम' हा शब्द 'रेहेम' म्हणजे गर्भाशय या शब्दाशी जोडलेला आहे. आईच्या पोटातून उठणारा तो कळवळा. आणि 'त्सेदाका' म्हणजे न्याय, सरळ वागणे. पुढच्या काळात ज्यू समाजात गरिबाला द्यायच्या दानालाही हाच 'त्सेदाका' शब्द लागू झाला. गरिबाला देणे म्हणजे उपकार नव्हे, सरळ व्यवहार पुरा करणे, असा त्याचा अर्थ होतो. मराठीत हे सारे 'दया', 'कृपा', 'वात्सल्य', 'नीतिमत्त्व', 'दानधर्म' अशा शब्दांत वाटले गेले. 'दया' म्हटले की आपल्या कानात उंचावर बसलेला कोणीतरी आणि खाली पसरलेला पदर उभा राहतो. 'दानधर्म' म्हटले की पुण्य देणाऱ्याच्या खात्यात जमा होते. न्यायाचा शब्द दानाच्या घरात राहायला आला आणि तिथलाच होऊन गेला.

दुसरा शब्द 'दीन'. लूकच्या शुभवर्तमानात येशू गरिबांना धन्य म्हणतो, तेव्हा ग्रीकमध्ये 'प्तोखोस' हा शब्द आहे. त्या भाषेत गरिबाला दोन शब्द होते. 'पेनेस' म्हणजे राबून कसेबसे पोट भरणारा. 'प्तोखोस' म्हणजे काहीच न उरलेला, मागून खाणारा. येशू दुसरा शब्द वापरतो. मत्तय त्याच वाक्याला 'आत्म्याने' असे विशेषण जोडतो आणि भुकेचा प्रश्न मनाच्या नम्रतेकडे वळवतो. मराठी भाषांतराने दोन्हीकडे 'दीन' घातले. आता मराठीत 'दीन' हा नुसता गरीब नसतो, त्याचा चेहराही ठरलेला असतो. दीनवाणा, मान खाली घातलेला, हात जोडलेला. 'प्तोखोस'च्या अंगावर काय नाही ते कळते. 'दीन'च्या चेहऱ्यावर काय असले पाहिजे ते कळते. म्हणजे भाषांतरातच गरिबाला वागणुकीचा नियम घालून दिला गेला.

आपल्या समाजाने या शब्दाशी कसा झगडा केला तेही पाहण्यासारखे आहे. १८७७ मध्ये पुण्यात कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' पत्र काढले, तेव्हा देवाला लावायचे विशेषण एका वर्तमानपत्राला लावले गेले. दीनांचा भाऊ आकाशात नाही, तो छापखान्यात आहे, असा त्याचा अर्थ. १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांचे 'दीनमित्र' आले. आणि पुढे 'दलित' हा शब्द प्रतिष्ठित झाला. 'दीन' शब्दात गरिबाचा चेहरा दिसतो, 'दलित' शब्दात त्याला तुडवणारा पाय दिसतो. हिब्रूत गरीब, दुबळा या अर्थी 'दल' असा शब्द आहे, म्हणून काही लेखक 'दलित'चे मूळ तिकडे शोधतात. हा निव्वळ नादाचा योगायोग आहे. त्यावर इमारत बांधू नये. आपल्याला आपल्या शब्दाचे समर्थन परक्या भाषेतून आणण्याची गरज नाही.

२

शब्द बाजूला ठेवून आता व्यवहार पाहू. बायबलचा जुना करार हा मोठ्या प्रमाणावर शेतकरी समाजाचा कायदा आहे. त्यात गरिबावरच्या दयेच्या तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी सरव्याची. शेताची कापणी करताना कडा सोडून द्याव्यात, गळालेली कणसे परत उचलू नयेत, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये. ती गरीब, परका, विधवा आणि अनाथ यांची, असे लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत सांगितले आहे. रूथ ही परकी विधवा असाच सरवा वेचते. आपल्या बायाबापड्यांना सरवा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दुसरी पायरी कर्जाची. दर सातव्या वर्षी कर्ज माफ करावे. गहाण घेतलेले गरिबाचे पांघरूण सूर्य मावळण्याआधी परत द्यावे, कारण त्याला रात्री अंगावर घ्यायला दुसरे काही नाही. तिसरी पायरी जमिनीची. दर पन्नासावे वर्ष हे योबेल वर्ष. त्या वर्षी विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी आणि कर्जापायी दास झालेला माणूस घरी परतावा.

या तीन पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. सरवा गरिबाला आज जगवतो, कर्जमाफी त्याचे उद्या मोकळे करते, आणि जमीन परत मिळाली की तो सरवा वेचणारा राहतच नाही. पहिल्या पायरीवर थांबलेली दया गरिबी टिकवते. तिसरीपर्यंत गेलेली दया स्वतःची गरज संपवते.

हे मला पुस्तकातून कळले त्याआधी घरातून कळले होते. माझ्या आजोबांनी येसकराची पाळी केलेली. संध्याकाळी घुंगरांची काठी घेऊन दारोदार भाकरी गोळा करायची. ती भाकरी म्हणजे गावकीच्या कामाचा मोबदला. तिला हक्क असे नावही होते. पण ती वरून टाकली जायची, शिळी असायची आणि घेताना जोहार घालावा लागायचा. म्हणजे कागदावर हक्क आणि दारात भीक. तेव्हा दयेला हक्क म्हटले की काम झाले, असे समजण्याचे कारण नाही. जो हक्क मिळवण्यासाठी माणसाला आहे त्याच जागी राहावे लागते, तो हक्क म्हणजे साखळीच. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मेलेल्या ढोरांचे मांस आणि शिळे तुकडे सोडायला सांगितले, १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले, ते याच समजुतीतून. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला आणि हजारो लोक तुरुंगात गेले. आमचे योबेल वर्ष कोणत्या तुतारीने आले नाही. ते मागायला तुरुंगात जावे लागले, आणि अजून ते पुरे आलेले नाही.

बायबलमधल्या कायद्यालाही कुंपण आहे, हे लपवून चालणार नाही. ज्या लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात योबेल वर्ष सांगितले आहे, त्याच अध्यायात परक्या लोकांतले दास कायमचे ठेवावेत, मुलाबाळांना वारसा म्हणून द्यावेत, अशी मुभा आहे. म्हणजे मुक्ती आपल्यांना आणि गुलामी परक्यांना. अनुवादच्या पंधराव्या अध्यायात एके ठिकाणी तुमच्यात कोणी गरीब असता कामा नये असे म्हटले आहे, आणि थोडे पुढे गेल्यावर गरीब देशातून कधी नाहीसे होणार नाहीत असेही म्हटले आहे. श्रीमंतांच्या व्यासपीठांवरून दुसरे वाक्यच अधिक ऐकू येते. त्याच वाक्यात पुढे, म्हणून हात मोकळा ठेव, अशी आज्ञा आहे, ती गाळली जाते. ग्रंथ अर्धा वाचण्याची कला सर्व धर्मांच्या पुरोहितांना सारखीच अवगत आहे.

३

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या कथांत गरीब बोलतो का?

लूकच्या सोळाव्या अध्यायात श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांची गोष्ट आहे. श्रीमंताच्या दारात फोडांनी भरलेला लाजर पडलेला आहे, टेबलाखालच्या तुकड्यांची वाट पाहत. दोघे मरतात आणि परलोकात त्यांच्या जागा उलट होतात. या गोष्टीत श्रीमंताला नाव नाही, गरिबाला आहे, ही गोष्ट अनेकांनी कौतुकाने सांगितली आहे. पण सबंध गोष्टीत लाजर एक शब्दही बोलत नाही. श्रीमंत बोलतो, अब्राहाम बोलतो, दोघे वाद घालतात. नरकात पडलेला श्रीमंतसुद्धा लाजरला पाणी आणायला पाठवा म्हणून सांगतो. म्हणजे तिथेही त्याला लाजर नोकरच दिसतो. लाजरला नाव मिळाले, सुख मिळाले, वाचा मिळाली नाही. आपल्या मराठी कथेत सहानुभूतीने रंगवलेले जे कितीतरी अस्पृश्य आहेत, ते सारे या लाजरचे भाऊबंद आहेत. लेखक त्यांच्यासाठी रडतो, पण त्यांना बोलू देत नाही.

मार्कच्या दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय वेगळा आहे. तो रस्त्याच्या कडेला बसून भीक मागतो. येशू जातो आहे असे कळताच तो ओरडू लागतो. लोक त्याला गप्प बसायला सांगतात, तर तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि त्याला विचारतो की तुझ्यासाठी मी काय करावे. आंधळ्याला काय हवे हे कोणालाही कळण्यासारखे होते, तरीही विचारले जाते. मला ही साऱ्या शुभवर्तमानांतली फार मोलाची जागा वाटते. दया करण्याआधी प्रश्न विचारला जातो आणि उत्तर मागणाऱ्याच्या तोंडून येते.

मार्कच्याच सातव्या अध्यायात एक परकी बाई आहे. तिची मुलगी आजारी आहे. येशू तिला सांगतो की मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना टाकणे बरे नाही. ती तिथून उठून जात नाही. मेजाखालची कुत्रीसुद्धा मुलांच्या हातून पडलेला चुरा खातात, असे ती म्हणते. तिच्या या बोलण्यामुळे येशू आपला शब्द बदलतो. देवाचा पुत्र मानल्या गेलेल्या माणसाला एका परक्या बाईने वादात जिंकले, हे या ग्रंथाने लपवले नाही, याला मी त्याचा मोठेपणा म्हणेन. पण आपल्याला ही जागा वाचताना घशात काहीतरी अडकते. ती जिंकली खरी, पण कुत्र्याची उपमा मान्य करून जिंकली. तुकडे मागण्याच्या भाषेतच तिला युक्तिवाद करावा लागला.

इथून मी पुण्यात येतो. १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध लिहिला. तो फेब्रुवारी-मार्च १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनचे, १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेले नियतकालिक. म्हणजे दलित स्त्रीचा पहिला छापील मराठी आवाज एका ख्रिस्ती नियतकालिकातून आला. या घटनेचे श्रेय मिशनला जरूर द्यावे. पण त्या आवाजात काय आहे ते पाहावे.

मुक्ताही देवाशीच बोलते. पण ती तुकडे मागत नाही. ती युक्तिवाद करते : वेद आमचेच, ते दुसऱ्याने पाहूही नयेत, असे ब्राह्मण म्हणतात, तर मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही, आणि धर्मपुस्तक नाही तर आमचा धर्म कोणता, ते देवाने सांगावे. ज्या धर्माचा अनुभव एकानेच घ्यावा आणि बाकीच्यांनी खाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसावे, असा धर्म पृथ्वीवरून नाहीसा व्हावा, अशा आशयाची मागणी ती करते. मग ती पुरावा मांडते. इमारतीच्या पायात शेंदूर-तेल पाजून पुरलेली माणसे; पेशवाईत तालीमखान्यापुढून गेल्याबद्दल गुलटेकडीच्या मैदानात मस्तकाचा चेंडू केलेली माणसे; डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बाया. इंग्रजी अमलाबद्दल ती कृतज्ञता व्यक्त करते, हेही खरे आहे. तिच्या काळातल्या तिच्या लोकांना तो अमल तसाच दिसत होता. पण शेवटी ती देवाकडे किंवा सरकारकडे पाहत थांबत नाही. ती आपल्याच लोकांना सांगते की तुम्ही आजारी आहात आणि ज्ञान हे तुमचे औषध आहे.

निर्गमच्या तिसऱ्या अध्यायात देव मोशेला सांगतो की मिसरातल्या माझ्या लोकांचा आक्रोश मी ऐकला आहे. तिथे आक्रोश आहे, पण त्यातले शब्द ग्रंथाने नोंदवलेले नाहीत. मुक्ताच्या निबंधात ते शब्द आहेत, आणि त्यांत रडणे थोडे, जाब जास्त आहे. लाजर गप्प आहे, बार्तीमय ओरडतो, परकी बाई वाद घालते, आणि मुक्ता हिशेब मागते. दयेच्या वाङ्मयात गरिबाचा आवाज जिथवर पोचू शकला, त्याच्या पुढचे पाऊल वेताळ पेठेजवळच्या शाळेतल्या एका मुलीने टाकले. आमची समीक्षा इथून सुरू होते, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

जोतीरावांचा मार्गही याच दिशेचा होता. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या माणसाने येशूकडे कृपाळू तारणहार म्हणून पाहिले नाही. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी त्याला बळीराजाच्या परंपरेत बसवले. बळीराजा दया करत नाही, राज्य करतो. आणि त्याचे राज्य म्हणजे ज्याचे त्याला मिळणे. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा पाणी वरून ओंजळीत ओतले नाही. हौदाशी येऊन भरायला सांगितले. पाणी तेच, पण ते देण्याच्या या दोन रीतींत धर्म आणि न्याय यांच्यातले सारे अंतर आहे.

४

बाबासाहेबांचा आक्षेप या पार्श्वभूमीवर नीट समजतो. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील बुद्ध आणि त्याच्या धम्माच्या भवितव्यावरील लेखात त्यांनी खऱ्या धर्माच्या कसोट्या सांगितल्या. त्यांपैकी एक अशी की, धर्माने दारिद्र्याला पवित्र किंवा उदात्त ठरवता कामा नये. ज्याच्याजवळ संपत्ती आहे त्याने ती सोडली तर ते धन्य असू शकेल. दारिद्र्य स्वतः धन्य असू शकत नाही. येशूच्या धन्यवचनांविरुद्ध याहून नेमका आक्षेप मला दुसरा माहीत नाही.

येशूच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, लूकमधले ते वचन एकटे नाही. त्याच्या लगेच खाली श्रीमंतांवर धिक्काराची वचने आहेत. त्याच पुस्तकाच्या आरंभी मरीया गाते ते गाणे अधिपतींना आसनावरून खाली ओढण्याचे आणि धनवानांना रिकाम्या हाताने घालवून देण्याचे आहे. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाचे पुस्तक उघडून दीनांना सुवार्ता आणि बंदिवानांना सुटका सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्यांना योबेल वर्षच आठवत असावे. तिथे लोक आधी त्याची वाहवा करतात. पण देवाची दया पूर्वी परक्या विधवेवर आणि परक्या कुष्ठरोग्यावर झाली होती, असे तो म्हणताच तेच लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघतात. लेवीयमध्ये दयेला जे कुंपण होते ते त्याने ओलांडले, आणि कुंपण ओलांडणाऱ्याची काय गत होते हेही तिथेच दिसले. तेव्हा मूळ वचनाचा अर्थ गरिबी चांगली असा नसून, राज्य तुमचे आहे असा आहे, असा पक्ष मांडता येतो.

पण बाबासाहेबांचा दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अस्पृश्यांच्या धर्मांतराविषयीचे त्यांचे ख्रिस्ती धर्मावरचे लिखाण महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात छापले. तिथे ते विचारतात की धर्मांतरित अस्पृश्याची जात चर्चमध्ये तरी सुटली का? आणि पुढे दाखवतात की, मनुष्य पतित झाला तो त्याच्या स्वतःच्या पापामुळे, असे त्याला शिकवले गेले. त्यामुळे भोवतालच्या अन्यायी समाजव्यवस्थेशी लढण्याची त्याची प्रेरणाच गेली. हिंदू असताना त्याला सांगितले गेले की तुझे पूर्वजन्मीचे कर्म वाईट. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले गेले की तुझ्या स्वभावातच पाप. दोन्ही ठिकाणी आरोपी तोच.

दया आणि पाप यांची जोडी लावली की हेच होते. पापी माणसाला क्षमा मिळते, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याला क्षमा काय कामाची? त्याला न्याय हवा. याकोबाच्या पत्राला हे माहीत आहे. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा द्याल आणि मळकट कपड्यातल्या गरिबाला उभा राहा किंवा पायाशी बस म्हणाल तर तुम्ही भेदभाव करता, असे ते पत्र सभेला सुनावते. कापणी करणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असे श्रीमंतांना बजावते. आणि तरीही तमिळनाडूत वडक्कनकुळमसारख्या ठिकाणी जातीप्रमाणे वेगळे बसता यावे म्हणून चर्चची रचनाच तशी केली गेली. पत्र वाचायचे आणि भिंतही बांधायची, हे एकाच छपराखाली चालले.

या अंतर्विरोधातून ख्रिस्ती दलितांनी स्वतःचा मार्ग काढला, त्याची दखल आपण घेतली पाहिजे. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयातील व्याख्यानात शूद्रांच्या धर्मशास्त्राचा प्रश्न उभा केला, आणि त्यातून पुढे दलित धर्मशास्त्र ही विचारधारा वाढली. त्यांनी अनुवादच्या सव्विसाव्या अध्यायाचा आधार घेतला. तिथे शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन येतो आणि माझा बाप भटका होता, आम्ही गुलाम होतो, आम्ही ओरडलो, असे स्वतःच्या तोंडाने सांगतो. गरिबाची श्रद्धा म्हणजे आधी त्याचा स्वतःचा इतिहास. आपल्या आत्मकथनांनीही हेच केले आहे. धर्म वेगळे झाले तरी वेदनेचा इतिहास सांगण्याची ही रीत एक आहे, म्हणून ख्रिस्ती, बौद्ध, मांग, चर्मकार अशा भिंती घालून वाचन करणे आपल्याला परवडणारे नाही.

५

हा केवळ ग्रंथाचा प्रश्न नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि दीर्घ लढ्यानंतर १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला चपला दुरुस्त करणाऱ्या एका ख्रिस्ती कारागिराला, सरकारने चर्मकारांना मोफत दिलेल्या टपऱ्यांतली टपरी मिळाली नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितले की नव्या धर्मातही त्याच तीव्रतेची सामाजिक आणि आर्थिक पीडा चालू आहे, हे दाखवले पाहिजे. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. चर्च म्हणते, आमच्यात जात नाही, आमच्यावर देवाची दया आहे. सरकार म्हणते, मग तुम्हाला सवलत कशाला? दोन्ही दारांत उभ्या असलेल्या माणसाला मात्र कोणी विचारत नाही की तुझ्यासाठी काय करावे. बार्तीमयला विचारला गेलेला प्रश्न आजही त्याच्या वाट्याला आलेला नाही.

आमच्यातले काही मित्र म्हणतील की, ती त्यांची समस्या. ते बाटले, त्यांनी भोगावे. हा हिशेब मला मान्य नाही. भुकेपायी धर्म बदलला हा टोमणा ज्यांनी प्रथम मारला, त्यांच्या घरी धान्याची कोठारे होती. ज्या धर्माच्या मुख्य प्रार्थनेतच रोजची भाकर मागितली आहे, त्या धर्मात भाकरीसाठी जाण्याची लाज कसली? पुण्यात आजही पहाटे मजूर अड्ड्यावर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहावे. मत्तयच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळताना अड्ड्यावरच्या माणसांना विचारतो की रिकामे का उभे आहात; ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावले नाही. आणि त्यांना पुऱ्या दिवसाची मजुरी मिळते. हे उपकाराने झाले असे धर्मोपदेशक सांगतात. मला ते असे दिसते की घरी चूल पुऱ्या दिवसाची असते, अर्ध्या दिवसाची नसते. काम न मिळणे हा मजुराचा गुन्हा नाही, एवढे त्या गोष्टीतून घेतले तरी पुष्कळ झाले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. बायबलमधली दया नाकारू नये आणि डोक्यावरही घेऊ नये. तिची परीक्षा घ्यावी. ती सरव्यावर थांबते की जमिनीपर्यंत जाते? ती परक्याला धरते की कुंपणाशी थांबते? आणि सर्वांत आधी, ती गरिबाला विचारते की त्याच्या वतीने बोलते? याच तीन प्रश्नांनी आपण मराठीतल्या करुणेच्या साहित्याची परीक्षा घ्यावी, सरकारी योजनांची घ्यावी, आपल्या संघटनांचीही घ्यावी. आम्ही स्वीकारलेल्या धम्मात करुणा प्रज्ञेच्या जोडीने येते, एकटी येत नाही, याचे कारण हेच आहे. ज्या करुणेला विचार करता येत नाही ती अखेर देणाऱ्याच्या सोयीची होते.

मुक्ता साळवेच्या प्रश्नाला 'ज्ञानोदय'ने छापून जागा दिली, उत्तर दिले नाही. ते उत्तर देणे त्यांच्या हातात नव्हतेही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी त्या प्रश्नाचे एक उत्तर दिले. ज्यांनी चर्चची वाट धरली त्यांनी दुसरे दिले. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांच्या अंगावर जातीचा शिक्का अजून आहे. तो पुसला जाईपर्यंत मुक्ताचा निबंध आमच्या अभ्यासमंडळांत, आणि जमल्यास चर्चमधल्या रविवारच्या शाळांतही, मोठ्याने वाचला जावा, असे मला वाटते.